वाचणाऱ्याचा फायदा

चौथीच्या वर्गाला 'मन वळवणारं पत्र' शिकवायचं काम माझ्याकडे आलं, कारण ते शिकवणाऱ्या बाई बाळंतपणाच्या रजेवर गेल्या होत्या. माझी पदवी रसायनशास्त्राची. मुख्याध्यापक म्हणाले, पुस्तकात चार पानं आहेत, उरकून टाका. मी ती वाचली आणि मला ती ढिसाळ वाटली. 'आपले म्हणणे प्रभावीपणे मांडा,' असं लिहिलं होतं. किती प्रभावी आणि ते मोजायचं कसं, याचा पत्ता नव्हता.

म्हणून मी माझी पद्धत बसवली. पत्र खऱ्या माणसाला लिहायचं आणि खरोखर पाठवायचं, म्हणजे ते चाललं की नाही हे उत्तरावरून कळेल. फळ्यावर नियम लिहिले. काय हवं ते पहिल्या वाक्यात. मग तीन कारणं, आणि प्रत्येक कारणात वाचणाऱ्याचा फायदा. शेवटी, समोरचा काय अडचण काढेल ते ओळखून तिचं उत्तर.

स्टाफरूममध्ये शेजारच्या वर्गाच्या बाई, ज्यांची नोकरी माझ्या वयाएवढी होती, म्हणाल्या, "अगं, मुलं आहेत ती, परीक्षानळ्या नाहीत." मी ते हसण्यावारी नेलं.

मुलांना मात्र खेळच सापडला. एकाने आत्याला लिहिलं की माझे गालगुच्चे घेणं बंद कर. तिचा फायदा असा की नखांचा रंग जास्त दिवस टिकेल. एकीने शिपाईमामांना घंटा दोन मिनिटं आधी द्यायला पटवलं. फायदा म्हणजे, गर्दी व्हायच्या आत चहा. मामांनी एक दिवस खरंच आधी घंटा दिली आणि मुख्याध्यापकांनी मला बोलावून घेतलं.

पट्टीने आईला लिहिलं.

पट्टी हे वर्गाने ठेवलेलं नाव. ती कच्च्या वहीतसुद्धा पट्टीने समास आखायची. तिची आई परदेशातल्या एका इस्पितळात नर्स होती. तीन वर्षांचा करार महिनाअखेर संपत होता, आणि पुढच्या दोन वर्षांसाठी सही करायची की घरी यायचं, हे आईचं ठरत नव्हतं. पट्टीने हे मला मधल्या सुट्टीत सांगितलं, एखादा धडा म्हणून दाखवावा तसं. फोनवर का सांगत नाहीस, असं मी विचारलं. तर म्हणाली, फोनवर बाबा आणि आजी शेजारी असतात. सगळे 'मजेत' म्हणतात, मग मीही म्हणते.

पहिला मसुदा अर्ध्या पानाचा होता. 'आई, सही करू नकोस, घरी ये. मला रोज तुझी आठवण येते. माझी वेणी दुसऱ्या तासालाच सुटते. मी मोरीत नळ सोडून रडते, म्हणजे आजीला ऐकू जात नाही.'

मी लाल पेनाने लिहिलं: पहिलं वाक्य उत्तम. पुढे भावना आहेत, कारणं नाहीत. आईचा फायदा काय? नळाच्या वाक्याखाली रेघ मारली आणि लिहिलं, 'हे वाचून तिला फक्त वाईट वाटेल. काढ.' लिहिताना हात जराही अडला नव्हता.

दुसऱ्या दिवशी ती विचारायला आली. आई अडचण काढेल ती अशी, की घरी आले म्हणजे पुन्हा स्वयंपाक, आजीचं पथ्य, तुझा अभ्यास, मी दमून जाईन. बरोबर आहे का? मी म्हटलं, शाबास, मग याचं उत्तर दे.

तिने दोन पानं लिहून आणली. 'आई, तुला इथे काहीच काम पडणार नाही. मी माझी वेणी स्वतः घालते. आजीच्या गोळ्यांचा तक्ता मी केला आहे, आठ आठवड्यांत एकही गोळी चुकली नाही. बाबा छान स्वयंपाक करतात आणि मी भांडी पुसते. गणितात मला पन्नासपैकी एकोणपन्नास मिळाले. तू फक्त ये आणि झोप काढ.'

मी दहापैकी दहा दिले. आकडे होते, पुरावे होते. मी ते वर्गात वाचून दाखवलं आणि मग स्टाफरूममध्येही. शेजारच्या बाईंनी कागद हातात घेतला, सावकाश पुन्हा वाचला आणि विचारलं, "हे पाठवणार आहेस?" मी म्हटलं, म्हणजे काय, नियमच आहे. त्यांनी कागद परत दिला.

पट्टीच्या बाबांनी त्याच दिवशी पत्राचा फोटो काढून पाठवला. आईने मात्र लेकीच्या पत्राला पत्रच लिहिलं. ते टपालाने यायला बारा दिवस लागले. मधल्या सुट्टीत सगळी मैदानावर पळाल्यावर पट्टीने ते माझ्यासमोर ठेवलं.

'माझं शहाणं बाळ, सही करू की नको या विचाराने मला झोप नव्हती. तुम्ही फोनवर मजेत म्हणायचात, पण माझा विश्वास बसत नव्हता. तुझं पत्र वाचलं आणि जीव भांड्यात पडला. किती सावरलीस गं! माझ्यावाचून तुमचं अडत नाही हे कळलं, म्हणून सोमवारी सही केली. आता दोन वर्षं मध्ये सोडून येता येणार नाही, पण ती भुर्रकन जातील.'

"बाई, कुठलं कारण कमी पडलं?" पट्टीने विचारलं.

मी पत्र पुन्हा वाचायचं निमित्त केलं. एकही कारण कमी पडलं नव्हतं. तिच्या पत्राने आईचं मन वळवलं होतं, अगदी पुराव्यानिशी, पण भलतीकडेच.

"तू नाही चुकलीस. मी चुकले," मी म्हणाले. "मी जे काढायला सांगितलं, तेच पाठवायला हवं होतं."

"नळाचं?"

"हो."

तिने माझ्या हातातलं पत्र घेऊन त्याची घडी घातली. रडली असती तर बरं झालं असतं. निदान मला तिला जवळ घेता आलं असतं. मी म्हटलं, अजूनही लिही, हवं तर मी बाबांशी बोलते. तिने मान हलवून नको म्हटलं. सही झाली आहे, म्हणाली. आता ते वाचून आईला तिकडे एकटीला वाईट वाटेल, आणि येता तर येणार नाही. बाबांनाही सांगू नका.

त्या आठवड्यात पत्रलेखनाचा धडा संपला होता, आम्ही निबंधाकडे वळलो होतो. तरी शुक्रवारी ती एक कागद घेऊन आली. समास आखलेला. 'आई, दोन वर्षं फार नसतात, तू काळजी करू नकोस.' खाली एक आणि दोन असे आकडे घालून कारणं लिहिली होती. एक, मी तोवर सहावीत जाईन आणि मला अभ्यासच खूप असेल. दोन, तीन वर्षं गेली तशी दोन जातीलच.

"तिसरं सुचत नाही," ती म्हणाली. "तुम्ही सांगा ना."

मी तिच्या शेजारी त्या ठेंगण्या बाकावर बसले. आम्ही दोघींनी खूप विचार केला. घंटा झाली, मुलं आत येऊन आपापल्या जागी बसली, तरी तीनच्या आकड्यापुढची ओळ कोरीच होती.