प्राणकलश आणि पुलाचा चढ

मुलांनो, अशी कल्पना करा, की तुम्ही एका छोट्या गाडीत मागच्या सीटवर बसला आहात. काचा खाली केलेल्या आहेत. बाहेर मैदानभर माणसं. कुणी नारळ फोडतंय, कुणी मोबाईल उंच धरून शूटिंग करतंय. उघड्या बॉनेटपुढे भगवी शाल आणि पांढरेशुभ्र स्पोर्ट्स शूज घातलेला एक माणूस माइकवर ओरडतोय, "माणसाला दम लागतो, तसा इंजिनालाही लागतो! तुमच्या गाड्या गुदमरतायत, बाबांनो! त्यांना श्वास द्या!"

उन्नती त्या सीटवर खरोखरच बसली होती. सातवीतली मुलगी, जुईनगरजवळच्या गावठाणात राहणारी. गाडी तिच्या पप्पांची, प्रीतमची. आणि शालवाले ते वायुनाथ महाराज. महाराजांनी नुकताच मैदानात मंडप टाकला होता आणि आसपासच्या गावांतल्या गाड्या तिथे रांग लावत होत्या.

इंजिनाला पेट्रोल जाळायला हवा लागते. ती हवा एका डब्यातून आत जाते आणि डब्यातला कागदी फिल्टर तिच्यातली धूळ अडवतो. महाराज हा डबा काढून टाकत आणि त्या जागी चकचकीत नळी आणि तिच्या टोकाला उलट्या कलशासारखी जाळी बसवत. वर लाल दोरा. नाव 'प्राणकलश'.

त्याचा विधी होता. आधी साक्षीफेरी. काचा बंद, एसी फुल, आणि साक्षीला महाराजांचे तीन धष्टपुष्ट सेवक गाडीत. अशी गाडी मैदानामागच्या पुलावर चढवायची. प्रीतमची गाडी अर्ध्या चढावरच धापा टाकू लागली. त्याला तिसरा गिअर सोडून दुसरा टाकावा लागला.

"बघितलंत? गुदमर!" महाराज म्हणाले.

मग कलश बसला आणि शुद्धफेरीची वेळ झाली. "आता परका माणूस गाडीत नको. आणि एसी बंद! एसी म्हणजे खोटा वारा. वायुदेवाला तो खपत नाही. काचा उघडा, त्याला आत येऊ द्या!"

गाडी वाघासारखी गुरगुरली आणि तिसऱ्या गिअरमध्येच सरळ पूल चढून गेली.

"वायुनाथ महाराज की जय!" मैदान दुमदुमलं. उन्नतीनंही टाळ्या पिटल्या. घामानं तिचा फ्रॉक पाठीला चिकटला होता, पण पप्पांच्या डोळ्यांत पाणी आलेलं बघून तिला कसलंच भान राहिलं नाही. महाराजांनी प्रीतमच्या हातात माइक दिला. तो भाऊबंदांना म्हणाला, "मी स्वतः अनुभव घेतलाय. रविवारी आपन सगळे एकवीरा आईला जातोय. सगळ्यांनी कलश लावून घ्या. घाट काय, सपाट रस्ता वाटंल!"

प्रीतमचा शब्द गावात चालत असे. लोकांनी तो ऐकला.

दोन दिवसांनी उरणच्या बाजूला एक हळद होती. पुढे प्रीतम आणि उन्नतीची आई रंजिता, मागे उन्नती, गोजरा आजी आणि मामेबहिणी दाटीवाटीनं बसलेल्या. आजीला उकडलं की धाप लागते, म्हणून एसी लावलेला. एका अरुंद रस्त्यावर पुढे कंटेनरचा लांबलचक ट्रेलर आला.

"राहू दे, मागंच राहा," रंजिता म्हणाली.

"आता कशाला मागं राहायचं?" प्रीतमनं गाडी बाहेर काढली आणि ॲक्सिलरेटर दाबला. गाडी गुरगुरली. खूप गुरगुरली, पण पुढे सरकेना. ट्रेलर बाजूला आहे तिथेच, आणि समोरून डंपर!

"प्रीतम! दमान रं!" आजी किंचाळली.

त्यानं करकचून ब्रेक मारला आणि गाडी कशीबशी ट्रेलरच्या मागे घातली. डंपर हॉर्न वाजवत इतक्या जवळून गेला, की त्याच्या वाऱ्यानं गाडी हलली.  हळदीचं घर येईपर्यंत आजी उन्नतीचं मनगट धरून बसली होती.

शनिवारी प्रीतम महाराजांकडे गेला. उन्नतीही बरोबर होती. महाराजांनी सगळं ऐकून घेतलं, डोळे मिटले आणि विचारलं, "एसी लावला होतास?"

"हो, म्हणजे आईला..."

"मग! वायुदेव रुसला. नाव कलशाला ठेवू नकोस. स्वतःच्या श्रद्धेला विचार."

प्रीतमनं मान खाली घातली. पण उन्नतीच्या मनात ते वाक्य घर करून बसलं. एसी लावला तर गाडी ओढत नाही, बंद केला तर ओढते. मग कलश नेमकं काय करतो?

शाळेत सरोजिनी बाईंनी वर्गाकडून मटकीचे दोन वाडगे भिजवून घेतले होते, एक उजेडात, एक कपाटात. कुणीतरी कपाटातल्या वाडग्यात पाणीही कमी घातलं, तेव्हा बाईंनी दोन्ही ओतून टाकायला लावले. "एका वेळी एकच गोष्ट बदला गं. नाहीतर कशामुळे काय झालं, ते कळणार कसं?" उन्नतीनं महाराजांचा विधी मनात पुन्हा मांडून पाहिला. तिथे एका वेळी किती गोष्टी बदलत होत्या! तीन माणसं उतरत होती, एसी बंद होत होता आणि कलश बसत होता. आणि जयजयकार मात्र एकट्या कलशाचा.

तिनं पप्पांना सांगून पाहिलं. "देवाच्या कामात तोंड घालू नको," ते म्हणाले. आवाज रागीट होता, पण बोलताना त्यांनी तिच्याकडे बघितलं नाही.

रविवारी सकाळी स्वराजकाका आणि आणखी काही भाऊबंद कलश लावलेल्या गाड्या घेऊन घाटाकडे निघूनही गेले होते. दिपेशकाकाची गाडी मंडपापुढच्या रांगेत शेवटची. अगदी पप्पांच्या गाडीसारखीच. तिची साक्षीफेरी झाली, तीही चढावर रडली. सेवक पाना घेऊन बॉनेटकडे वळले, तेवढ्यात उन्नती मधे उभी राहिली.

"काका, थांबा. कलश लावायच्या आधी एक शुद्धफेरी मारा ना. एसी बंद, सेवक खाली. बाकी काहीच बदलायचं नाही."

"कलशाशिवाय शुद्धफेरी?" महाराज गरजले. "घोर पाप!"

दिपेशकाका गालात हसला. "पाप लागलं तर गाडीला लागंल, मना काय? बस गो पोरी."

लोक हसले. काकानं एसी बंद केला, काचा उघडल्या. उन्नती त्याच्या शेजारी बसली.  गाडी नाही चढली तर? पण पुलाचा चढ सुरू झाला, अर्धा सरला, माथा आला, आणि काकाचा हात गिअरकडे गेलाच नाही.

ते परतले तेव्हा माणसं गाडीभोवती गोळा झाली.

"पन तो आवाज नाय आला," गर्दीतून कुणीतरी म्हणालं.

"आवाजानं गाडी चढते काय?" रंजितानं विचारलं. "मग हॉर्न वाजवत बसा ना दिवसभर!"

उन्नतीनं पूजेच्या ताटाजवळचा रांगोळीचा डबा उचलला. एक कलश कागदावर धरून त्याच्या जाळीवर चिमूटभर बारीक रांगोळी टाकली. बोटानं टिचकी मारताच रांगोळी आतून कागदावर पडली. मग काकाच्या गाडीचा कागदी फिल्टर आणायला लावून त्यावर टाकली. ती घड्यांतच अडकून राहिली.

"आपल्याकडं सगळीकडं बांधकामं चालू हायत," ती म्हणाली.  "ती धूळ आता सरळ इंजिनात जानार."

"या मुलीच्या तोंडून अविश्वास बोलतोय!" महाराज म्हणाले. पण सेवक कलशांची खोकी टेम्पोत चढवू लागले होते. सगळ्यांनाच पटलं, असं मात्र समजू नका. एक गृहस्थ छातीवर हात मारून सांगत होते, "माझ्या गाडीला फरक पडलाय म्हंजे पडलाय!" त्यांनी कलश काढला नाही.

आता यातली गोम बघा. गाडीचा एसी इंजिनाच्याच जोरावर चालतो. तो बंद केला की अडलेला जोर चाकांना मिळतो. छोट्या इंजिनाला तो चांगलाच जाणवतो. तीन जाडजूड माणसं उतरवली की ओझंही हलकं होतं. आणि उघड्या जाळीतून हवा शिरताना मोठा आवाज होतो, म्हणून कानाला जोर वाढल्यासारखं वाटतं. महाराजांनी यातलं काहीच लपवलं नव्हतं. सगळं लोकांच्या डोळ्यांदेखत केलं, फक्त त्याला विधी म्हटलं. विधी म्हटलं, की आपण प्रश्न विचारत नाही.

शर्यतीच्या गाड्यांसाठी विचारपूर्वक बनवलेले हवेचे फिल्टर असतात, तेही मी सांगायला हवं. पण ते घेणारा विचारतो: जोर किती वाढला, कशावर मोजला, मोजताना आणखी काय बदललं होतं? घरच्या गाडीला तिच्याच मापाचा स्वच्छ कागदी फिल्टर पुरतो. कुणी चमत्कार दाखवला, की टाळ्या वाजवण्याआधी एवढंच बघा, आधी आणि नंतर यांच्यामध्ये काय काय बदललं. एवढं केलंत तरी पुष्कळ आहे.

प्रीतम मंडपाच्या खांबाला टेकून उभा होता. उन्नती त्याच्याजवळ गेली.

"सगळ्या गावापुढं बापाची लाज काढलीस," तो हळूच म्हणाला.

तिच्या डोळ्यांत पाणी आलं. पण ती तिथून हलली नाही. "पप्पा, स्वराजकाका पुढं गेलेत. गाडी भरलेली हाय, एसी चालू असनार. घाटात ते पण ट्रेलरच्या बाहेर गाडी काढतील. तुमच्यासारखीच."

प्रीतमचा चेहरा उतरला. त्याला तो डंपर दिसला असावा. "मग सांग ना त्यांना. तूच लाव फोन."

"माझं कोन ऐकंल? कलश तुमी सांगितला म्हनून लावला त्यांनी."

प्रीतमनं मान फिरवली. तेव्हा उन्नतीनं त्याच्या खिशातून मोबाईल काढला. स्वराजकाका गाडी चालवत असणार, म्हणून त्यांच्या शेजारी बसलेल्या सुनयनाकाकींचा नंबर लावला. "हॅलो? प्रीतमभावजी? बोला ना!" काकींचा आवाज आला. मागे मुलांचा गोंगाट होता, आणि त्या गोंगाटाच्याही वर इंजिनाची गुरगुर.

उन्नतीनं फोन स्पीकरवर टाकला, टाचा उंचावल्या आणि तो पप्पांच्या तोंडासमोर धरला. ते बोलायला लागेपर्यंत तिनं हात खाली घेतला नाही.