हट्टी डबा

मी जुना आहे, मित्रांनो, पण मोडका नाही; हे आधीच सांगून टाकतो. पंख्याला रेग्युलेटर असतो ना, तसा मी एका लेथच्या डीसी मोटरचा वेग सांभाळणारा पत्र्याचा डबा. माझ्या अंगावर वेगाचे बटण आहे. त्या लेथवर कातारीदादा खुर्च्यांचे पाय काततो.

मला बसवले दादाच्या थोरल्या बहिणीने. ही वायरिंग करणारी ताई भलती काटेकोर. मेन स्विच बंद करून तिने आधी मीटरने खात्री केली. फेजच्या वायरीत फ्यूज बसवला, माझ्या पत्र्याला अर्थिंग दिले, स्क्रू आवळून प्रत्येक वायर ओढून पाहिली. शेवटी तिने मला एक सवय लावली. लाइट जाऊन परत आली, तर बटण शून्यावर आणल्याशिवाय मोटर फिरवायची नाही.

त्यावरूनच दादाचे आणि माझे वाकडे. बटण कायम पूर्ण वेगावर ठेवायची त्याची खोड. लाइट परत यायची आणि मी ढिम्म!

“ताई, हा डबा माझ्या डोक्यावर मिऱ्या वाटतोय. ती शून्याची भानगड काढून टाक.”

“बोटं जास्त झालीत का तुला?” ताई म्हणाली. “मी नाही काढणार.”

“मग उद्या मीच काढतो.”

माझे पित्त खवळले. म्हणे काढतो!

त्याच दुपारी लाइट गेली. मेन स्विच बंद करायचा दादाने कंटाळा केला. लेथ थांबलाच आहे, तर पॉलिश उरकू, म्हणून बोटांभोवती चिंधी गुंडाळून तो लेथवरचा खुर्चीचा पाय चोळू लागला. इतक्यात लाइट आली. दिवा लागला, पंखा फिरला. बटण पूर्ण वेगावर होते. मी म्हटले, नाही! आधी शून्य!

दादाने दिव्याकडे पाहिले, बटणाकडे पाहिले, मग चिंधीतल्या बोटांकडे. तो पांढराफटक पडला. हलकेच हात काढून त्याने मेन स्विच बंद केला. मला फार बरे वाटले, खोटे कशाला बोलू?

आता माझा रंग उडाला आहे. गिऱ्हाइके म्हणतात, “बदला की हा डबा, ऐकत नाही तुमचं.”

“ऐकत नाही, म्हणून तर बोटं जागेवर आहेत,” दादा म्हणतो.

मित्रांनो, एखादे यंत्र अडले, तर त्याची वायर उपटण्याआधी ते का अडले आहे, तेवढे पाहा. माझे विचाराल, तर लाडीगोडी लावा नाहीतर टपल्या मारा, मी बधणार नाही. बटण शून्यावर आणा. मग धावतो की नाही बघा.