बंबवाली मोटार

"लढाई राहो का जावो, माझ्या विभाची वरात मोटारीतूनच निघेल!"

रत्नाकरराव हे थेट विहीणबाईंच्या तोंडावर बोलले. तिकडे जपान बर्म्यात येऊन बसलं होतं, इकडे पेट्रोल कूपनावर मिळून राहिलं होतं. पण रत्नाकरराव पडले गन कॅरेज फॅक्टरीतले. "अहो, मी तोफांचे गाडे बनवून राहिलो. एका नवरदेवाचं काय ओझं?"

विहीण सत्यभामाबाई नागपूरच्या. त्या नुसतं "पाहू" म्हणाल्या. ते ऐकून रत्नाकररावांच्या बायकोनं, इंदिराबाईंनी, नवऱ्याचा सदरा मागून ओढला. मोटारीत काही कमीजास्त झालं तर पोरीला ते जन्मभर ऐकावं लागणार होतं.

लग्नाच्या सकाळी वऱ्हाड गावातल्याच गोरखपूर मोहल्ल्यात उतरलेलं, मांडव दुसऱ्या टोकाला, चढावरच्या गढा मोहल्ल्यात. नवरदेव विनय मुंडावळ्या बांधून बाहेर आला. पाहतो तर मोटारीच्या पाठीला हे मोठं लोखंडी पिंप, आंघोळीच्या बंबासारखं. वर धुराडं.

"काहो नथ्थू भैया, मला दाखवली होती ती चमकदार मोटार कुठाय?" रत्नाकररावांनी भाड्याच्या मोटारीच्या ड्रायव्हरला विचारलं.

"वो तो फौज ले गई, बाबूजी. ही कोळशाच्या गॅसवर चालते. पेट्रोल की झंझट ही नहीं."

"मग चालव ना!"

"कोळसा द्या."

"कोळसा मी काहून देऊ?"

"नवरदेवाला घोडा आणला असता तर चणे कोणी खिलवले असते? पार्टीनंच ना?"

"मालकाला बोलव तुझ्या!"

"मालिक हमारे बड़े भैया हैं. बर्म्याच्या मोर्च्यावर. चिठ्ठी टाका, जवाब जरूर देतील."

मुहूर्त जवळ येऊन राहिला होता. रत्नाकररावांनी फेटा सावरत सायकल गढ्याकडे हाणली. मांडवामागे बापू आचारी कोळशाच्या पोत्याला टेकून बसला होता.

"हे नेलं तर पुऱ्या कशावर तळू?"

"नेऊ दे त्यांना," इंदिराबाई म्हणाल्या. "पुऱ्या मागून तळता येतात. मुहूर्त नाही तळता येत."

पोतं कॅरिअरवर बांधून रत्नाकरराव परत आले. पिंपातली भट्टी पेटली. वऱ्हाडणींनी दोन्ही बाजूंनी सुपानं वारा घातला. सगळ्यांचे शालू एकाच रंगाचे झाले.

"एक बात," नथ्थूनं बजावलं. "सुरू झाली की झटकन बसायचं. मी थांबत नाही. थांबलो की विझली."

नथ्थू थांबला नाही, मोटारच थांबली. गढ्याच्या चढावर. विनय खाली उतरायला लागला.

"खबरदार!" सत्यभामाबाई ओरडल्या. "अंगाला हळद लागलेला नवरदेव गाडी ढकलत नसतो!"

"आई, हळद आता दिसून तरी राहिली का?"

आणि त्यानं खांदा लावला.

मंगलाष्टकं सुरू झाली तेव्हा बोहल्यावर नवरदेव होता, एवढं मुंडावळ्यांवरून कळत होतं. अंतरपाट सरला. विभावरीनं समोर पाहिलं. दोन डोळे, बत्तीस दात, बाकी कोळसा. तिनं हार डाव्या हातात घेतला, पदरानं आधी त्याचं नाक पुसलं, आणि मग हार घातला.

सत्यभामाबाईंनी डोळ्याला रुमाल लावला. "धूर गेला हो," त्या इंदिराबाईंना म्हणाल्या. मग हळूच, "पोरगी गुणाची आहे तुमची. चालेल आम्हाला वरातीला टांगापण."

तिथंच थांबायचं की नाही? पण रत्नाकररावांची छाती परत फुगली. "टांगा? शब्द म्हणजे शब्द! बापू, उरला कोळसा आण!"

दुपारी मोटार पहिल्याच हँडलला सुरू झाली. विनय झटकन बसला. सत्यभामाबाई झटकन बसल्या. नथ्थू थांबला नाही.

वरात मोटारीतूनच निघाली. विभावरी तेव्हा अजून मांडवाच्या दारात आईच्या गळ्यात पडून रडत होती.