ज्योतीरामचा लाल ठिपका

भोसरीच्या एका वर्कशॉपात ज्योतीराम इन्स्पेक्टर होता. पोलिसातला नव्हे, तयार माल मोजायचा, बरा असला तर सोडायचा आणि नसला तर त्याच्यावर लाल रंगाचा ठिपका मारायचा, एवढंच त्याचं काम. पण माणसाची ड्यूटी सुटते, सवय सुटत नाही. घरी तो भाकरीसुद्धा उजेडात धरून बघे आणि म्हणे, "कडंला जाड हाय." बारा वर्षांच्या संसारात कौशल्याबाईच्या हातचं काहीच त्यानं "बरं झालंय" म्हणून पास केलं नव्हतं. खायचा मात्र चार-चार भाकरी.

अशा माणसाच्या घरात १९७४ सालच्या संक्रांतीला कौशल्याबाईनं आरशांचं काम घेतलं, हे तिचं धाडसच म्हणायचं. तिनं केलेला एक आरसा गल्लीतल्या दुर्गाबाईंनी तिच्या दारामागं टांगलेला पाहिला होता. हळदीकुंकवाला वाण म्हणून वाटायला त्यांनी तसलेच एकवीस सांगितले, भिंतीवर लावायचे, नक्षीचे आणि स्वस्तातले.

कौशल्याबाई पदर खोचून कामाला लागली. काचवाल्याकडच्या उरल्यासुरल्या तुकड्यांतून वीतभर गोल कापून आणले. कंपनीच्या मोडक्या खोक्यांच्या फळ्या पाठीला लावल्या. कडेनं खडूची पूड आणि जवसाचं तेल कालवून थापलं आणि ते ओलं असतानाच कासाराकडून मागून आणलेले वाढलेल्या बांगड्यांचे तुकडे त्यात रोवले, हिरवे, लाल, मोरपंखी. बोटं कापली, पण आठ दिवस बाई गुणगुणत होती. एकदा तरी या माणसाच्या तोंडून "बरं झालंय" ऐकायचं, ही तिची जुनी हौस पुन्हा वर आली होती.

संक्रांतीच्या दिवशी ती नळावरून पाणी घेऊन परत येते तर ज्योतीराम कंपनीतलं मापाचं व्हर्नियर घेऊन बसलेला आणि पुढं आरशांच्या दोन रांगा. एका रांगेत तीन. दुसरीत अठरा, आणि त्यातल्या प्रत्येकाच्या काचेवर टिकलीएवढा लाल ठिपका.

"गोलाईत सूतभर फरक हाय," तो म्हणाला. "आन् ह्याच्यात तुकडे एका अंगाला नऊ, दुसऱ्या अंगाला अकरा."

"अवो, पर काचंवर मधोमध कशाला मारायचा?"

"कडंला मारला तर लोक खरवडून टाकत्यात. मी मधीच मारतो."

कौशल्याबाईच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. राग आला की तिला आधी रडू यायचं, आणि मग त्या रडण्याचा वेगळा राग यायचा. तिनं एका आरशाला रॉकेलचा बोळा लावला, तर रंग अख्ख्या काचेवर पसरला. ऊन कलायला लागलं होतं. तो एक आरसा ठेवून बाकीचे वीस तिनं पाटीत भरले, पास झालेले तीन वर, आणि नवऱ्याकडं ढुंकूनही न बघता निघाली.

पहिले तीन आरसे दुर्गाबाईंनी कौतुकानं वाटले. चौथा हातात घेतला आणि त्यांच्या भुवया चढल्या. "हे काय गं कौशल्या?"

तेवढ्यात शेजारच्या चिमाबाईंनी तो आरसा ओढून घेतला, त्यात वाकून बघितलं, आणि ठिपका नेमका त्यांच्या कपाळावर येऊन बसला.

"अगं बया! आरशानंच कुंकू लावलं की मला!"

मग काय विचारता! उंच बायका वाकू लागल्या, बुटक्या चवड्यांवर उभ्या राहिल्या, प्रत्येकीला आपल्या कपाळावर कुंकू जमवायचं होतं. आधीच्या तिघी आरसे परत घेऊन आल्या. "संक्रांतीला बिनकुंकवाचं वाण देत्यात व्हय?" नशीब, बायका सतराच आल्या होत्या, म्हणून निभावलं. निघताना चिमाबाईंनी रथसप्तमीपर्यंत आणखी दोन डझन सांगितले, कुंकवाचेच.

घरी येऊन तिनं नवऱ्यापुढं तीन आरसे मांडले. "घ्या. तुमचा पास माल तेवढा परत आला."

दोन डझन आरसे झाले त्या दिवशी तिनं रंगाचा डबा आणि ब्रश ज्योतीरामपुढं ठेवला. ठिपका काय, तिलाही मारता आला असता. "मारा," ती म्हणाली.

"खोट असल्याबिगर मी लाल मारत न्हाई. नोकरी गेली तरी बेहत्तर."

"मग काढा खोट." आणि ती समोर मांडी ठोकून बसली.

ज्योतीरामनं व्हर्नियर काढलं. या खेपेला बाईनं खिळा-दोरीनं गोल आखले होते आणि तुकडे दोन्ही अंगांना दहा-दहा मोजून लावले होते. चोवीसही आरसे त्यानं उलटेपालटे केले. थंडीच्या दिवसांत त्याला घाम फुटला.

"काय निघालं?"

"काय न्हाई."

"काय न्हाई म्हंजे?"

"म्हंजे... बरं झालंय."

"ऐकू न्हाई आलं."

"बरं झालंय म्हणलं की!" तो एवढ्यानं ओरडला की शेजारच्या खोलीतली भांडी थांबली.

कौशल्याबाईला भरून आलं. बारा वर्षं वाट पाहिलेले दोन शब्द ओरडून मिळाले, पण मिळाले. ब्रश उचलून तिनं आपल्या हातानं एकेक ठिपका द्यायला घेतला.

ज्योतीरामनं आपलं ताट आपणच वाढून घेतलं. सवयीनं भाकरी उचलली, उजेडात धरली आणि कडेकडं बघत तोंड उघडलं. समोर कौशल्याबाई ब्रश रंगात बुडवून त्याच्या कपाळाकडं बघत होती.

त्यानं भाकरी खाली घेतली आणि मुकाट्यानं मोडली.