कोक्स आणि कजोल

मन्सूर सर धानोऱ्याजवळच्या एका शाळेत दहावीला इंग्रजी शिकवत. त्यांनी फळ्यावर 'कोक्स' लिहिलं, त्याखाली 'कजोल' लिहिलं आणि मागच्या बाकांवर खसखस पिकली.

"सिनेमातली नाई रे," सर म्हणाले. "दोन्ही शब्द राजी करण्याचेच. माय लाडीगोडी लावून लेकराले औषध पाजते, ते कोक्स. अन् आपलं काम साधाले कोणाले गोड बोलून गुंडाळलं, तं ते कजोल."

सांगता सांगता त्यांची नजर समोर गेली. तिथं गावातल्या सोमाजी शेतकऱ्याची मुलगी उर्वशी होती, बऱ्याच दिवसांनी शाळेत आलेली.

पंचाण्णव सालच्या त्या पावसाळ्यात मास्तरांना फर्मान होतं: नसबंदीची एक तरी केस आणा, नाहीतर बदली. सरांनी सोमाजीला गाठलं. भाऊ भाऊ करत त्याच्या घरी चहा प्यायले, "तुमच्या भल्याचंच आहे, चार दिवसांत नांगर धराल" म्हणाले, बदलीचं लपवलं आणि त्याला शिबिरात नेलं. बदली टळली. सोमाजीची जखम मात्र चिघळली, ऐन रोवणीत तो खाटेवर पडला आणि चिखलात मायलेकी उतरल्या. अर्धं धान रोवायचं राहिलं ते राहिलंच. तरी सोमाजी गावभर सांगायचा, सर म्हणजे देवमाणूस. ते ऐकून सरांना मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं, पण तोंड उघडायची छाती काही होईना.

"वाक्य कोण करते?"

उर्वशी उठली. सावकाश, इंग्रजीत म्हणाली, "सरांनी माझ्या बाबांना कोक्स केलं."

व्याकरण चोख होतं. 'बरोबर, बस' म्हणून सुटता आलं असतं, आणि सर जवळजवळ म्हणालेच होते. पण पोरीनं आपल्यासाठी मऊ शब्द निवडला, हे त्यांना सोसवेना.

"चुकलं," ते म्हणाले. "इथी कजोल पाहिजे."

वर्गाला काही कळलं नाही. तास संपल्यावर सरांनी तिला व्हरांड्यात थांबवलं. "आज मी घरी येतो. सोमाजीभाऊले सगळं खरं सांगतो. माफी मागतो."

उर्वशी दोन पावलं जवळ आली.

"आईले अन् मले पहिलेच समजलं होतं, सर," ती म्हणाली. "बाबाले नका सांगू. सरांनं आपलं भलं पाह्यलं, एवढंच धरून दिवस काढून राह्यले ते."