ओढ्याकाठचा तळमजला

माझा नवरा केयूर वाघोलीला ऑफिसात गेला होता. त्याच्या आई गुडघ्याच्या ऑपरेशननंतर आतल्या खोलीत झोपून होत्या आणि मी घरूनच काम करत होते. आमचं घर तळमजल्यावर. मागे सोसायटीची भिंत, भिंतीपलीकडे ओढा. दोन दिवस पाऊस थांबला नव्हता.

अचानक धाडकन आवाज झाला. खिडकीतून पाहिलं, तर भिंत जागेवर नव्हती आणि तपकिरी पाणी पार्किंगमधल्या स्कूटर ढकलत येत होतं.

मी आधी मेन स्विच बंद केला. तेवढ्यात बाथरूमच्या जाळीतून पाणी वर आलं, मग दाराखालून.

"आई, उठा, वर जायचंय!"

"वॉकर दे आधी. उडत येऊ का?"

त्यांना धरून हॉलमध्ये आणेपर्यंत पाणी गुडघ्याला लागलं. आतलं दार उघडलं, तर लोंढाच आत घुसला. बाहेरचं लोखंडी गजांचं दार मात्र हलेना. वाहत आलेली एक स्कूटर त्याला आडवी अडकली होती. खिडक्यांना गज.

आईंना कसंबसं डायनिंग टेबलावर बसवलं. फ्रिज आडवा होऊन तरंगत आमच्याकडे येऊ लागला. पाणी माझ्या कमरेच्या वर गेलं होतं.

"कादंबरी, तू ओट्यावर चढ. माझं काय ते बघू."

"गप्प बसा हो!" मी किंचाळले. लग्नानंतर पहिल्यांदाच.

"आवाज आहे की तुला. तो जरा दाराशी जाऊन काढ."

मी दाराच्या गजांना धरून ओरडत राहिले. वरच्या मजल्यावरच्या रणजितनं ऐकलं. तो छातीभर पाण्यात उतरला, जिन्याचा कठडा एका हातानं धरून दुसऱ्यानं स्कूटर ओढत राहिला. ती सुटायला किती वेळ लागला, मला सांगता येणार नाही. त्यानं आईंना पाठीवर घेतलं. त्यांनी माझा दंड इतका घट्ट धरला होता, की नखं रुतली.

संध्याकाळी पाणी ओसरलं. घरात नुसता चिखल होता.

आता आम्ही चौथ्या मजल्यावर भाड्यानं राहतो. "इथे पाण्याला लिफ्टनं यावं लागेल," असं आई येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगतात. पण पावसाचा जोर वाढला, की ताट अर्धवट टाकून गॅलरीत जातात आणि वाकून खाली बघत राहतात. "आत या," असं म्हणायला मी जाते, आणि मीही तिथेच उभी राहते.