अप्पांच्या घरातली बटणं

दुसऱ्याच्या घरात चालू ठेवलेला चार्जर दिसला, की देवश्रीचे हात शिवशिवायचे. फोन एकीकडे, मालक दुसरीकडे, आणि वायर आपली रिकामीच भिंतीला लोंबकळतेय, हे तिला बघवतच नसे. नाशिकला माहेरी एकदा असाच चार्जर वितळून पडदा जळाला होता. तेव्हापासून जी सवय लागली ती लागलीच. नोकरीसाठी म्हैसूरला आली, इथल्याच गगनशी लग्न केलं, इडलीबरोबर सांबार ओरपायलाही शिकली. पण बटणं बंद करत फिरायचं काही सुटलं नाही.

गगनचे वडील दामोदरराव, म्हणजे अप्पा, शहरातच नजरबाद भागात एकटेच राहायचे. घराणं पिढ्यान्‌पिढ्या म्हैसूरचं, त्यामुळे त्यांच्या मराठीत कन्नड अशी मिसळलेली की देवश्रीला सुरुवातीला निम्मं कळायचं नाही. त्यांच्या पलंगाजवळचा चार्जर बारा महिने भिंतीत, बटण बारा महिने चालू. झोपताना ते फक्त पिन फोनमध्ये खुपसायचे, बटणाकडे बघायचेसुद्धा नाहीत. यावरून दोघांची नेहमी जुंपायची. "असू दे की मा, सुम्ने कशाला त्रास," असं म्हणत ते उगाच त्रास घेऊ नको म्हणून सुचवायचे, आणि देवश्री त्यांच्या डोळ्यांदेखत बटण खटकन बंद करायची.

रविवारीही तेच झालं. तीन आठवड्यांनी ती त्यांच्याकडे गेली होती, तीही औषधं टेकवायला, बाहेर रिक्षा थांबवून. "काफी घे की," अप्पा म्हणाले. "पुढच्या वेळी," ती म्हणाली, घरभर फिरून चालू असतील नसतील ती सगळी बटणं बंद केली, आणि निघाली.

सोमवारी ती आपल्या बँकेच्या कामासाठी बन्नूरच्या शाखेत गेली. मधेच अप्पांना औषधाची आठवण करून द्यायला फोन लावला, तर बंद. थोड्या वेळानं पुन्हा लावला. बंद. तिसऱ्यांदा लावताना तिला आठवलं. चार्जरचं बटण! आपणच बंद केलं. अप्पांनी नेहमीसारखी पिन खुपसली असणार आणि फोन काही चार्ज झाला नसणार. गेल्या वर्षी ते बाथरूममध्ये पडले होते. हाताशी फोन होता म्हणून गगनला कळलं तरी. आज पडले असतील तर?

गगन सरगूरला पंप बसवायच्या कामावर होता. तिनं त्याला फोन लावला.

"अय्यो, झोपले असतील की," तो म्हणाला.

"भरदिवसा?"

"मग शेजारच्या भुजंगरावांना सांग."

"ते लग्नाला गेलेत. तू येतोस का?"

"मी इथून येईपर्यंत संध्याकाळ होईल. तू बघ ना. आणि मला कळव, काय?"

कळव म्हणे! देवश्रीच्या नाकाला मिरच्या झोंबल्या, पण भांडायलाही सवड नव्हती. साहेबांना कसंबसं सांगून तिनं म्हैसूरची बस धरली. बसपुढे उसानं भरलेला ट्रॅक्टर, आणि त्याला कसलीही घाई नाही. देवश्री खिडकीशी बसली, मग दाराजवळच्या सीटवर आली, मग उठून उभीच राहिली. कंडक्टर दोनदा ओरडला. ती फोन लावत राहिली, आणि तीच कन्नड बाई त्याच गोड आवाजात तेच सांगत राहिली. वीज वाचवायला निघाली होती मोठी! तिला स्वतःची इतकी चीड आली की डोळे भरून आले.

नजरबादला दार आतून बंद होतं. तिनं बेल दाबली, कडी वाजवली, शेवटी दोन्ही हातांनी दार बडवायला लागली.

"आलो, आलो! दार मोडतीस की काय?"

दारात अप्पा उभे. अंगात इस्त्रीचा शर्ट, घरात काफीचा वास. देवश्री चौकटीला धरून तशीच उभी राहिली. जीव भांड्यात पडला, आणि पाठोपाठ राग उसळला.

"फोन का बंद आहे तुमचा? मी बटण बंद केलं म्हणून ना?"

"ते? ते तू रिक्षात बसायच्या आत चालू केलं मी. दर वेळी करतो."

"मग?"

"फोन मीच बंद केला. मुद्दाम."

"मुद्दाम? अप्पा, माझा जीव जायची वेळ आली होती! असं कुणी करतं का?"

"चुकलंच माझं." अप्पांनी मान खाली घातली. मग हळूच म्हणाले, "पण काल आलीस तेव्हा घरातलं एकेक बटण बघितलंस, मा. माझ्याकडे नाही बघितलंस."

आता देवश्री बघत होती. अप्पांचा शर्ट सैल होऊन खांद्यांवरून उतरायला आला होता. चष्म्याची एक काच आडवी तडकली होती.

"हे कधी झालं?"

"झाले की दहाबारा दिवस."

म्हणजे कालही ती तडकलेलीच होती. त्याच चष्म्यातून त्यांनी काल तिला काफी विचारली होती. देवश्रीला लाज वाटली, अगदी आतून. तिनं चपला काढल्या, आत गेली आणि त्यांच्या शेजारी पलंगावर बसली.

तेवढ्यात तिचा फोन वाजला. गगन होता.

"पोचलीस? कसे आहेत अप्पा? बरे आहेत ना?"

तिनं अप्पांकडे पाहिलं. ते घाईघाईनं हात हलवून, बरा आहे म्हणून सांग, असं खुणावत होते.

"फोनवर सांगण्यासारखं नाही," देवश्री म्हणाली. "तू ये आणि बघ."

आणि त्यानं पुढचं काही विचारायच्या आत तिनं आपला फोन बंद करून टाकला.